पहिला डायोरामा: खान्देशच्या काळ्या मातीवर एक जीप

वहीच्या पानाएवढा पाट, त्यावर थोडा रस्ता, थोडं वावर आणि मध्ये उभी एक छोटी गाडी. डायोरामा म्हणतात तो एवढाच. गाड्यांची मॉडेलं जमवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण त्या गाडीला जमीन करून देणारे कमी. सामान मिळत नाही म्हणून लोक अडतात असं मला वाटत नाही. आधी काय आणि नंतर काय, हे सांगणारं कुणी भेटत नाही, म्हणून अडतात. परदेशी व्हिडिओत दाखवतात ती बाटलीबंद माती, ते तयार गवताचे झुपके इथे महाग पडतात. शिवाय त्या मातीचा रंग आपल्या मातीचा नसतो.

माझं सगळं सांगणं एका गोष्टीभोवती फिरतं: गाडी आणि जमीन एकाच मातीच्या दिसल्या पाहिजेत. गाडी कितीही सुबक रंगवली आणि शेत कितीही बारकाईने केलं, तरी चाकांना त्या शेताची माती लागलेली नसेल तर बघणाऱ्याला गाडी वरून आणून ठेवल्यासारखी वाटते. खाली पायऱ्यांचा क्रम लावला आहे तो याच हिशोबाने. उदाहरण म्हणून एकच दृश्य शेवटपर्यंत धरतो: कापूस वेचणीच्या दिवसांत शिवाररस्त्यावरून डांबरी सडकेच्या तोंडाशी येऊन थांबलेली जुनी जीप.

१. आधी प्रसंग ठरवा

‘जीपचा डायोरामा करायचा आहे’ एवढ्यावर काम सुरू करू नका. जीप इथे का थांबली आहे, कोणता महिना आहे, पाऊस होऊन किती दिवस झाले, हे ठरवा. आमच्या दृश्यात महिना डिसेंबरचा, जमीन वरून सुकलेली, गाडीत कापसाची गाठोडी आणि एक गाठोडं खाली उतरवलेलं. एवढं ठरलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. डिसेंबरात बांधावरचं गवत हिरवंगार नसतं, पिवळं पडलेलं असतं. चाकोरीत पाणी साचलेलं नसतं.

पहिल्या वेळी गाडी उभीच दाखवा. धावती गाडी दाखवायची तर आत ड्रायव्हर लागतो, आणि बाजारात मिळणाऱ्या छोट्या माणसांपैकी बहुतेक सैनिक असतात. त्यांना धोतर किंवा नऊवारी नेसवणं हे वेगळं आणि अवघड काम आहे. माणूस नुकताच इथून गेला हे वस्तूंनीही कळतं. उतरवलेलं गाठोडं आणि बांधावर काढून ठेवलेल्या चपला, एवढं पुरतं.

दृश्यात वस्तू किती ठेवायच्या? मनात येतील त्याच्या निम्म्या. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या मोनोग्राम या मॉडेल कंपनीच्या किटसोबत (किट म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा खोका) शेपर्ड पेन या कारागिराच्या डायोरामांची पत्रकं येत असत. जुन्या किटच्या चित्रांत ती कुठे दिसली तर थांबून बघा, मांडणी शिकायला त्याहून चांगली शिदोरी मिळणार नाही.

२. प्रमाण समजून घ्या

१:३५ म्हणजे खऱ्या वस्तूचे ३५ मि.मी. मॉडेलवर १ मि.मी. होतात. साडेपाच फुटी माणूस वेगवेगळ्या प्रमाणांत किती उंच होतो ते एकदा लिहून भिंतीला चिकटवा:

१:६४ मध्ये २६ मि.मी.
१:४३ मध्ये ३९ मि.मी.
१:३५ मध्ये ४८ मि.मी.
१:२४ मध्ये ७० मि.मी.

हॉट व्हील्ससारख्या छोट्या गाड्या १:६४ च्या समजल्या जातात, पण त्या खोक्यात मावतील अशा बेताने केलेल्या असतात. ट्रक आणि कार जवळपास एकाच लांबीची निघते. म्हणून एकाच डायोरामात दोन वेगवेगळ्या खेळण्यांतल्या गाड्या शेजारी ठेवण्याआधी त्यांचं प्रमाण काढा. रीत सोपी आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंतलं खऱ्या गाडीचं अंतर शोधा आणि मॉडेलवरच्या अंतराने भागा. अॅम्बेसेडरचं हे अंतर साधारण २४६० मि.मी. आहे. तुमच्या खेळण्यावर ते ५७ मि.मी. भरलं तर गाडी १:४३ ची.

पहिल्या कामासाठी मी १:३५ सुचवतो. हे प्रमाण विचित्र वाटतं, कारण ते ठरवून आलेलं नाही. टामिया या जपानी कंपनीने आपला पहिला पँथर रणगाडा आत मोटार आणि बॅटरी मावतील एवढा केला, आणि पुढे तेच प्रमाण रूढ झालं. त्यात विलीज जीपचं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन लष्करी जीपचं, चांगलं किट मिळतं, बादल्या, पोती, खोकी असं बारीक सामानही मिळतं, आणि आकार हाताला सोसणारा आहे: जीप साडेनऊ सेंटीमीटर लांब, साडेचार सेंटीमीटर रुंद. पाट २० × १५ सें.मी. पुरतो. ट्रॅक्टर-ट्रॉलीचा मोह होईल, आपल्याकडे कापूस त्यातूनच जास्त जातो. पण त्याला जवळपास दुप्पट लांबीचा पाट लागतो, आणि मोठा पाट अर्धवट राहतो. ट्रॉली दुसऱ्या वेळी करा.

३. फोटो आणि मापं गोळा करा

सामान घेण्याआधी एक सकाळ शिवारात घालवा. मोबाइल गुडघ्याच्या खाली, चाकाच्या उंचीवर धरून फोटो काढा. उभ्याने काढलेल्या फोटोत जमीन सपाट दिसते आणि कामाचं काही हाती लागत नाही. एवढ्या गोष्टींचे फोटो हवेत:

– गाडीवाट डांबराला मिळते ती जागा. चाकांबरोबर आलेली ढेकळं पहिल्या काही फुटांत दाट पडलेली असतात, मग विरळ होत जातात.
– डांबराची तुटलेली कड आणि तिच्या खालचा मुरूम.
– दोन चाकोऱ्यांच्या मधला गवताचा पट्टा.
– चाकाच्या आतल्या बाजूला आणि मडगार्डखाली साचलेली माती.
– कापसाचं झाड बाजूने, बोंडं कुठे उरली आहेत ते दिसेल असं.

सोबत मोजपट्टी ठेवा. झाडाची उंची, ओळींतलं अंतर, गवताची उंची मोजून वहीत लिहा आणि शेजारी लगेच ३५ ने भागलेला आकडा लिहा. घरी आल्यावर अंदाजाने केलेलं गवत हटकून मोठं होतं. फूटभर गवत म्हणजे पाटावर जेमतेम ९ मि.मी.

४. सामान

किट मागवूनच घ्यावं लागतं असं धरून चाला. बाकी सगळं गावात मिळतं, फक्त दुकान कोणतं ते माहीत हवं.

हार्डवेअरमध्ये: ९ मि.मी. जाडीचा एमडीएफचा तुकडा, वॉल पुट्टी, फेविकॉल, फेविक्विक, एम-सील, १०० ते १२० नंबरचा पॉलिश पेपर.
फ्लेक्स बोर्ड करणाऱ्याकडे: सनबोर्डची, म्हणजे फोमच्या हलक्या पांढऱ्या बोर्डची कात्रणं. बहुतेक जण ती टाकूनच देतात, मागितली की मिळतात.
स्टेशनरीत: अॅक्रिलिक रंग (काळा, पांढरा, कच्चा तपकिरी म्हणजे रॉ अंबर, पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, करडा), ० आणि २ नंबरचे ब्रश, एक जुना रुंद ब्रश, कटर आणि जादा पाती.
मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात: टोकदार चिमटा, बारीक कानस. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये हे सहज मिळतं.
मोटार वाइंडिंगवाल्याकडे: २६ नंबरची तांब्याची तार, हातभर.
घरातून: मैद्याची चाळणी (परत स्वयंपाकघरात जाणार नाही अशी), जुना तवा, सुतळी, सुती धोतराचा तुकडा, टिश्यू पेपर, थोडा कापूस, इंजेक्शनची बिनसुईची सिरिंज.
शेतातून: ओंजळभर काळी माती, मूठभर मुरूम, वाळलेली बारीक मुळं.

प्लास्टिकचं किट जोडायला त्यासाठीचाच पातळ सिमेंट गोंद किटसोबत मागवून घ्या. अॅक्रिलिक शीटची कामं करणारे क्लोरोफॉर्म वापरतात आणि कुणीतरी तुम्हालाही सुचवेल. घरात वापरायची ती वस्तू नाही.

५. पाट आणि चढउतार

एमडीएफच्या पाटाला दोन्ही बाजूंनी आणि चारही कडांना आधी ऑइल पेंट किंवा वॉर्निशचा हात द्या. हे टाळलं तर ओली पुट्टी वरच्या बाजूने पाणी पाजते, पाट धनुष्यासारखा वाकतो आणि पुन्हा सरळ होत नाही.

पेन्सिलीने रस्ता आखताना तो पाटाच्या कडेला समांतर ठेवू नका. डांबराचा पट्टा एका कोपऱ्यातून तिरका जाऊ द्या आणि गाडीवाट त्याला मिळू द्या. गावाकडची एकेरी सडक ३ मीटर धरली तरी १:३५ ला ८६ मि.मी. होते, म्हणजे पाटाचा अर्ध्याहून जास्त भाग. म्हणून सडक पूर्ण दाखवूच नका. तिची एक कड आणि चार-पाच सेंटीमीटर पृष्ठभाग पुरे.

सडक शेतापेक्षा उंच असते. डांबराच्या जागी सनबोर्डचा ५ मि.मी. थर लावा, तिथून शेताकडे पुट्टीचा उतार काढा. सनबोर्डवर फेविकॉल नीट धरत नाही. पृष्ठभाग पॉलिश पेपरने खरवडून फेविक्विकने चिकटवा. उंचवट्यासाठी थर्माकोल वापरणार असाल तर त्यावर फक्त फेविकॉल लावा. पेट्रोलसारख्या वासाचे गोंद आणि स्प्रेचे रंग थर्माकोल खाऊन टाकतात.

पुट्टीत पाणी कालवतानाच तपकिरी आणि काळा रंग टाका. पुढे कुठे टवका उडाला तर पांढरं दिसणार नाही. पुट्टी ओली असताना चाकोऱ्या उमटवा. यासाठी गाडीचीच चाकं वापरा, पण गाडी जोडायच्या आधी, सुटी. जीपच्या दोन चाकांमधलं आडवं अंतर खऱ्यात सव्वा मीटरच्या थोडं आत, म्हणजे आपल्याला मधोमध ३५ मि.मी. हवं. टायरची रुंदी साडेचार मि.मी. एका काडीवर चाक बसवून पट्टीच्या कडेने फिरवा, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा थोडं वाकडं. रोज जाणाऱ्या गाड्या एका रेघेत जात नाहीत. जीप जिथे उभी राहणार तिथे चारही चाकांखाली किंचित दाब द्या. टायर मातीत एखादा मि.मी. रुतलेला दिसला पाहिजे. जमिनीवर नुसती टेकलेली गाडी हे पहिल्या डायोरामांतलं सगळ्यात जास्त दिसणारं वैगुण्य.

पाट सावलीत वाळवा. आपल्याकडच्या उन्हात वरची साय तासाभरात कडक होते, आत ओल राहते आणि मग तडे जातात.

६. जीप जोडा आणि ती गावची करा

किटसोबत आलेल्या कागदाप्रमाणे जोडणी करा, त्यावर मी वेगळं लिहीत नाही. पण हे किट अमेरिकन लष्करी गाडीचं आहे. ती खान्देशातल्या शेतात आणायची तर काही बदल करावेच लागतात.

स्टिअरिंग डावीकडे असतं. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विकलेल्या जीप पुढे कितीतरी वर्षं आपल्या रस्त्यांवर होत्या. त्यांतलीच ही धरली तर स्टिअरिंग तसंच ठेवता येतं. मागच्या पत्र्यावर बारीक अक्षरांत ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ रंगवा, एका फटक्यात खरेपणा येतो. बंदुकीचा आधार, कुऱ्हाड-फावडं, पांढरे तारे हे सगळं वगळा.

रंग लष्करी हिरवा ठेवू नका. मोटार वाहन नियमांनुसार आपल्याकडे तो रंग संरक्षण दलाच्या वाहनांसाठीच राखलेला आहे, खासगी जीप त्या रंगाची असूच शकत नाही. फिका निळा किंवा पांढुरका रंग घ्या आणि ब्रशनेच लावा. गावच्या पेंटरने हाताने रंगवलेली गाडी तशीच दिसते. बोनेटच्या कडांना आणि पायदानाजवळ जुना हिरवा रंग डोकावू द्या.

नंबरप्लेट १४ × ३.५ मि.मी. ची, फोटोपेपरवर छापून. जळगावसाठी एमएच १९, धुळ्यासाठी एमएच १८, नंदुरबारसाठी एमएच ३९. पुढचे आकडे कुणाच्या खऱ्या गाडीचे घेऊ नका.

समोरच्या काचेजवळ फेविक्विक नको. त्याच्या वाफेने पारदर्शक प्लास्टिकवर पांढरा धुरकट थर बसतो आणि तो निघत नाही. काच फेविकॉलने चिकटवा, वाळल्यावर पारदर्शक होतो.

स्प्रे प्रायमर मारणार असाल तर वेळ बघून मारा. एप्रिल-मेच्या दुपारी जळगाव-भुसावळकडच्या हवेत रंगाचे थेंब गाडीवर पोचायच्या आतच सुकतात आणि अंग खरबरीत होतं. पहाटे किंवा सकाळी लवकर मारा. उलट श्रावणातल्या दमट हवेत चकाकीविरहित वॉर्निशला दुधाळ झाक येते. पाऊस उघडेपर्यंत थांबलेलं बरं.

७. काळी माती

खान्देशात राहून डायोरामा करणाऱ्याचं भाग्य इथे आहे, आणि खरी कसोटीही इथेच.

माती वावरातूनच आणा, रस्त्याच्या कडेची नको, तिच्यात डांबर आणि प्लास्टिक असतं. ढेकळं फोडा, जुन्या तव्यावर मंद आचेवर भाजा, वाफ थांबेपर्यंत. भाजल्याने त्यातले किडे, अंडी आणि तणाचं बी मरतं. हे वगळलं तर पहिल्या पावसाळ्यात पाटावर बुरशी येते. थंड झाल्यावर तीन भाग करा: चाळणीत राहिलेली खडे-ढेकळं, मैद्याच्या चाळणीतून पडलेली माती, आणि त्यातलीच थोडी सुती कापडातून वस्त्रगाळ केलेली. तिन्ही वेगळ्या डब्यांत ठेवा. वस्त्रगाळ माती आत्ता वापरायची नाही, ती गाडीसाठी आहे.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसते. शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात त्या यामुळेच. पाटावरही तेच होतं. फेविकॉलचं पाणी घालून मातीचा जाड थर दिला तर वाळल्यावर तीन-तीन मि.मी. भेगा पडतात. १:३५ च्या हिशोबाने ती दहा सेंटीमीटरची भेग झाली, आणि डिसेंबरच्या शेतात ती शोभत नाही. म्हणून उंची सगळी पुट्टीची ठेवा, माती फक्त वरचा एक मि.मी. मातीत चौथा हिस्सा बारीक वाळू मिसळा, आकसणं कमी होतं. आधी बरणीच्या झाकणावर करून बघा. एका झाकणावर नुसती माती, दुसऱ्यावर वाळू मिसळलेली, तिसऱ्यावर थर दुप्पट. दुसऱ्या दिवशी तिन्ही शेजारी ठेवा, तुम्हाला हवा तो पोत समोर दिसेल. उन्हाळ्याचं दृश्य करायचं ठरवलंत तर याच भेगा वरदान आहेत. हाताने कोरलेल्या भेगांना तो नैसर्गिक चौकटींचा आकार कधीच येत नाही.

लावायची रीत अशी. पुट्टीवर फेविकॉलचा पातळ हात फिरवा, त्यावर चाळलेली माती चाळणीतूनच भुरभुरा. चाकोरीत कमी, कडेला जास्त, मधल्या पट्ट्यावर थोडी ढेकळं. मग साध्या पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून पिचकारीने दुरून तुषार मारा. हा थेंब नसेल तर पाणी मातीवर गोळ्या होऊन पळतं आणि माती सोबत नेतं. त्यानंतर एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी सिरिंजने थेंब थेंब सोडा, माती दुधाळ दिसेपर्यंत. हात लावू नका. रात्रभर ठेवा.

सकाळी तुम्हाला माती फार काळी दिसेल. घाबरू नका, फेविकॉलने ती कायम ओल्यासारखी दिसते. खरं शेत डिसेंबरात नीट बघा: वरून सुकलेली काळी माती काळी नसते, राखाडी-तपकिरी असते. शिवाय छोट्या प्रमाणात गडद रंग खऱ्याहून जास्त गडद भासतात, त्यामुळे सगळं एक पायरी फिकं ठेवावं लागतं. करडा, कच्चा तपकिरी आणि थोडा पांढरा मिसळा. रुंद ब्रशला रंग लावून कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि तो सुका ब्रश मातीच्या उंचवट्यांवरून अलगद फिरवा. खोलगट जागा काळ्या राहतात, माथे उजळतात. चाकोरीच्या तळाला मात्र हा हात नको. चाकाने दाबलेली माती गुळगुळीत आणि थोडी गडद असते.

सातपुड्याच्या पायथ्याकडचं गाव दाखवत असाल तर मुरूम आणि दगड वाढवा. तापीकाठचं दाखवत असाल तर खडे जवळजवळ नकोतच.

८. डांबर

१०० ते १२० नंबरचा काळा पॉलिश पेपर फेविकॉलने सनबोर्डवर चिकटवा. कड कात्रीने कापू नका, हाताने फाडा. काळाभोर ठेवू नका. उन्हाने डांबर करडं पडतं. पाणीदार करडा रंग दोनदा, चाकांच्या पट्ट्यात थोडा गडद. एक खड्डा कोरून त्यात मुरूम टाका. गाडीवाट मिळते तिथे चाळणीत राहिलेली ढेकळं चिमट्याने ठेवा आणि चाकोऱ्यांच्या रेषेत पुढे विरळ करत न्या. कि.मी. चा दगड ठेवायची हौस असेल तर राज्य महामार्गाला हिरवं डोकं, राष्ट्रीय महामार्गाला पिवळं.

९. कापूस, गवत, ठिबक

कापसाचं झाड चार-पाच फूट, म्हणजे ३५ ते ४३ मि.मी. दोन ओळी चार फुटांवर असतील तर अंतर ३५ मि.मी. पाटाच्या कोपऱ्यात दोन ओळी मावतात, तेवढ्याच करा. झाडासाठी वाळलेली बारीक मुळं उलटी धरून वापरा. फांद्यांची विभागणी खऱ्या पऱ्हाटीसारखी येते. फेविकॉलच्या पाण्यात बुडवून वाळवा, मग तपकिरी रंग. पानांसाठी वाळलेल्या कडुलिंबाच्या पानांचा चुरा, पण थोडाच, वेचणीपर्यंत बरीच पानं गळलेली असतात.

फुटलेलं बोंड दीड-दोन मि.मी. चं. कापसाची चिमूट बोटांत वळून फेविकॉलने टोकाला लावा. झाडाला आठ-दहा बस. पहिली वेचणी झालेली असल्याने खालच्या फांद्या मोकळ्या, वरती पांढरं. सगळ्या झाडाला कापूस लावला की बर्फ पडल्यासारखं दिसतं.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या: कापसावर फेविक्विक कधीही टाकू नका. सुती धाग्यांशी त्याची झपाट्याने रासायनिक क्रिया होते, इतकी उष्णता निघते की धूर येतो आणि बोट भाजतं. कापसाचं काम फक्त फेविकॉलने. फेविक्विक लागलेली बोटं सुती फडक्यालाही पुसू नका.

गाठोडी एम-सीलची. लिंबाएवढा गोळा नको, १८-२० मि.मी. चा चपटा गोळा करा, घट्ट व्हायच्या आत जीपमध्ये दाबून बसवून बघा म्हणजे शेजारच्या गाठोड्याचा दाब उमटतो. मग काढून त्यावर फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू पेपर गुंडाळा, वरती चार कोपऱ्यांची गाठ मारा. गाठीच्या फटीतून कापसाची एक चिमूट बाहेर. जुन्या लुगड्यांची असतात म्हणून प्रत्येकाला वेगळा, विटका रंग द्या. बांधायला शिवणाचा दोरा.

गवत सुतळीचं. ८-९ मि.मी. तुकडे कापून धागे सोडवा, चिमट्यात जुडी धरून बुडाला फेविकॉल लावा आणि चाकोऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात, बांधावर उभी करा. वर पिवळट, बुडाशी जरा हिरवट.

आणि ठिबकची नळी विसरू नका, आपल्याकडच्या शेताची ती खूण आहे. १६ मि.मी. ची लॅटरल १:३५ ला ०.४६ मि.मी. होते आणि २६ नंबरची वाइंडिंगची तार बरोबर तेवढीच जाड असते. काळा रंग द्या आणि ओळीला लागून टाका. ताणून सरळ करू नका, नळी उन्हाने प्रसरण पावून नागमोडी झालेली असते.

१०. गाडी मळवा आणि बसवा

आता तो वस्त्रगाळ मातीचा डबा उघडा. जीपवर चकाकीविरहित वॉर्निश मारून ती पूर्ण वाळलेली हवी. कोरड्या ब्रशने वस्त्रगाळ माती मडगार्डखाली, चाकांच्या मागे, पायदानावर, बोनेटच्या सांध्यांत लावा. वरच्या भागावर फक्त धूळ, खाली जाऊ तसं दाट. काचेवर वायपर फिरतो तो अर्धगोल स्वच्छ सोडा. टायरच्या नक्षीत माती फेविकॉलच्या पाण्यात कालवून भरा आणि टायरचा जमिनीला टेकणारा भाग बोटाने पुसून घ्या. गाडी डांबराच्या तोंडाशी आली आहे, पुढची चाकं थोडी स्वच्छ झालेली असतील, मागची नाही.

माती जास्त झाली तर ओल्या ब्रशने खाली ओढा. वरून खाली, पाणी वाहतं त्या दिशेने.

जीप आधी केलेल्या दाबांत बसवून चारही चाकं टेकतात का बघा. एक चाक अधांतरी असेल तर त्या चाकाखाली ओली माती भरा. मग चाकांच्या बुडाला फेविकॉल, आणि टायरभोवती माती बोटाने सारून घ्या. गाठोडी, चपला (७ मि.मी. लांब, काळ्या कागदाच्या) शेवटी.

चिकटवण्याआधी एखाद्या शेतकऱ्याला दाखवा. मॉडेलचा छंद असलेला माणूस रंगाच्या छटा बघतो. शेतकरी सांगतो की ओळी उताराला आडव्या हव्यात, किंवा एवढ्या गाठोड्यांना दोर मागून नाही, बाजूने बांधतात. त्या सूचना लगेच वहीत लिहा आणि जमतील तेवढ्या दुरुस्त करा.

११. पेटी

आपल्याकडे उन्हाळ्यात वावटळी सुटल्या की बंद खिडक्यांतूनही धूळ येते, आणि डायोरामावर बसलेली खरी धूळ खोट्या धुळीसारखी दिसत नाही. मच्छीटाकी करणाऱ्याकडून काचेची पेटी करून घ्या. आतली उंची सर्वांत उंच झाडापेक्षा निदान चार सेंटीमीटर जास्त ठेवा. पेटी आणली की सिलिकॉनचा आंबट वास पूर्ण जाईपर्यंत ती उघडी ठेवा, मगच पाटावर पालथी घाला. पाट खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नका, गवताचा रंग उडतो. नेताना-आणताना तो उन्हात उभ्या बंद कारमध्येही सोडू नका, प्लास्टिकचे बारीक भाग वाकतात. पेटी नसेल तोवर आठवड्यातून एकदा मेकअपच्या मऊ ब्रशने, गाडीच्या पुढून मागे, धूळ झटका.